डोकं ठणकतं, पाय सुजतात, म्हणून गोळ्याच कमी केल्या

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६४, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. घरी त्या आणि यजमान, मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला. गेल्या वर्षी जिना चढताना छातीत जड व्हायला लागलं. स्ट्रेस टेस्ट झाली, मग अँजिओग्राफी, आणि एका रक्तवाहिनीत ब्लॉकेज निघालं. तूर्त औषधांवर राहू, असं डॉक्टरांनी ठरवलं. तेव्हापासून सकाळ-दुपार मोनोनायट्रेट, शिवाय मेटोप्रोलोल, अम्लोडिपिन, रक्त पातळ करायची अ‍ॅस्पिरिन, रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, आणि गरज पडलीच तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट.

त्या लिहितात: "सकाळची गोळी घेतली की तासाभरात कानशिलं ठणकायला लागतात. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजतात की जोडवी रुतून बसतात, साबण लावून काढावी लागतात. अंगात त्राण नसतं, रात्री भलभलती स्वप्नं पडतात, पोटऱ्या दुखतात. डॉक्टरांना एकदा डोकेदुखीचं सांगितलं तर 'होतं तसं, सवय होईल' म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला गेला. यजमान म्हणतात, मनाचे खेळ आहेत. शेवटी मीच दुपारची गोळी बंद केली आणि मेटोप्रोलोल अर्धी करून घेते. तीन आठवडे झाले. डोकं हलकं आहे, छातीतही काही होत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, सगळं बंद करून अर्जुनसाल घ्या. मुलगा म्हणतो, एकदाची अँजिओप्लास्टी करून घे आणि गोळ्यांतून मोकळी हो. हल्ली भाजी आणायलाही हेच जातात, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जाणंही सोडलं आहे. पुढच्या महिन्यात देवासला भाच्याच्या मुलाची मुंज आहे, तिथे मला डोकं धरून बसायचं नाही. आता डॉक्टरांना सांगितलं तर रागावतील. न सांगता असंच चालू ठेवलं तर चालेल का?"

ताई,

नाही, चालणार नाही. पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावा आणि मेटोप्रोलोल तीन आठवड्यांपासून अर्धी घेते आहे, पुढे काय करू, एवढं विचारा. तोवर ती आणखी कमी करू नका, आणि घाबरून परस्पर पूर्ण गोळीवरही उडी मारू नका.

याच गोळीवर मी एवढा जोर देते आहे, त्याला कारण आहे. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल ही एका कुळातली औषधं. धावपळ, राग, भीती यांनी शरीरात अ‍ॅड्रिनलीन उसळतं, आणि ही औषधं त्याचा हृदयावरचा मारा अडवतात. नाडी सावकाश चालते, हृदयाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून छातीत दुखत नाही. पण महिनोन्‌महिने मारा अडवला गेला की हृदय त्या अ‍ॅड्रिनलीनसाठी आणखी हळवं होऊन बसतं. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर आधीपेक्षा जोरात अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त अपुरं पडून छातीत येणारं दुखणं, उसळू शकतो, काहींना हार्ट अ‍ॅटॅकही येतो. औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा दिलेला असतो. बंद करायचीच झाली तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. तुम्ही अर्ध्यावर थांबलात हे बरं झालं. काकूंचं ऐकून सगळंच बंद केलं असतंत, तर आज मला फार काळजी वाटली असती.

मी डॉक्टर नाही. फार्मासिस्ट आहे, आणि माझं बहुतेक आयुष्य इंदूरला औषधांच्या काउंटरमागे गेलं. त्यामुळे कोणती गोळी किती घ्यायची हे मी इथून सांगणार नाही. पण एक सांगू शकते. तुमच्यासारखं करणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की तुमच्या पत्राचं मला नवल वाटलं नाही. महिन्याचं औषध न्यायला माणूस दीड महिन्याने यायचा. "काका, मध्ये गोळ्या उरल्या होत्या का?" असं हळूच विचारलं की आधी इकडेतिकडे बघायचा, मग आवाज खाली आणून सांगायचा, की ती पिवळी घेतली की गरगरतं, म्हणून मी ती घेतच नाही. डॉक्टरांना सांगितलंत का? नाही. घरी? अजिबात नाही. जी गोष्ट डॉक्टरांच्या टेबलापलीकडे सांगायला हवी, ती औषधाच्या काउंटरवर कुजबुजून सांगितली जायची.

तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. त्यांच्याकडे जरा बघू या.

पहिली, छातीत काही होत नाही म्हणजे औषध कमी करूनही भागतं. पण तुम्हीच जाता जाता लिहिलं आहे की भाजीला यजमान जातात आणि सानंदचं नाटक सुटलं. मला ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. अँजायना श्रमावर उठतो. श्रमच कमी झाले तर तो उठणार कशावर? गेल्या तीन आठवड्यांत तुम्ही जिना किती वेळा चढलात, मंडईतून पिशवी घेऊन कधी आलात, जेवण झाल्यावर चालून आलात का, हे आठवून बघा. आणखी एक. बायकांमध्ये, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये, हृदयाचं दुखणं दर वेळी छातीतच येईल असं नसतं. चालताना दम लागणं, जबडा किंवा खांदा भरून येणं, पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये दडपणं, उगाच गळून जाणं, अशा वेषातही ते येतं. ज्या गळाठ्याला तुम्ही औषधाचा दोष समजता आहात, तो खरंच औषधाचा आहे की हृदयाचा, हे तुम्हाला किंवा मला घरबसल्या ठरवता येणार नाही. डॉक्टरांना येईल, पण तुम्ही सांगितलंत तर.

दुसरी, त्रास सांगणं म्हणजे कुरकुर करणं. आपल्याकडच्या बायकांना हे फार लहानपणी शिकवलं जातं, आणि तुम्ही तर शिक्षिका. वर्गात ताप अंगावर काढून फळ्यापुढे उभ्या राहिला असाल. पण अँजायनाच्या औषधांची निवड बऱ्याच अंशी अशा त्रासांवरूनच होते. या आजारात छाती आवरायला सहा-सात निरनिराळ्या कुळांतली औषधं आहेत. कुणाला कोणतं सोसेल हे आधी सांगता येत नाही. डॉक्टर एक जोडी लिहून देतात आणि पेशंट काय सांगतो याची वाट बघतात. तुम्ही गप्प बसलात की त्यांना वाटतं सगळं झकास चाललं आहे. उलट तीन आठवड्यांनी बीपी वाढलेलं दिसलं, तर डॉक्टर समजतील की औषध पुरत नाही, आणि आणखी एक गोळी वाढवतील. हे मी प्रत्यक्षात घडताना पाहिलं आहे.

आता तुमचे त्रास एकेक करून बघू. हेच त्रास सोसत बसलेल्या इतर वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

डोकेदुखी मोनोनायट्रेटची. नायट्रेट जातीचं औषध रक्तवाहिन्या सैल करतं, आणि फक्त हृदयाच्या नव्हे, डोक्याच्याही. म्हणून कानशिलं ठणकतात, चेहरा तापतो, पटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. हा त्रास औषधाइतकाच जुना आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये नायट्रोग्लिसरिन अँजायनावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी त्यांनी ते स्वतः घेऊन बघितलं होतं, आणि त्यांचंही डोकं असंच ठणकलं होतं. पुढे डायनामाइटच्या कारखान्यांत एक गोष्ट लक्षात आली. रविवारची सुट्टी घेऊन आलेल्या कामगारांची डोकी सोमवारी भयंकर दुखायची आणि आठवडा सरत आला की दुखणं ओसरायचं. शरीर नायट्रेटला सरावत होतं. सुट्टीत तो सराव सुटायचा, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, डॉक्टर जे म्हणाले की सवय होईल, ते खोटं नव्हतं. बहुतेकांची डोकेदुखी एक-दोन आठवड्यांत बोथट होते. पण तुम्हाला वर्ष झालं. एका वर्षात जी सवय झाली नाही ती आता होईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, आणि हे वर्षाचं गणित डॉक्टरांपुढे मांडलं गेलेलं नाही. त्यातून गोळी कधी घेतली, कधी सोडली असं होत असेल, तर तुमचा रोजच सोमवार होतो आहे. दोन, शरीर सरावतं तसा औषधाचा गुणही कमी होतो. म्हणून नायट्रेट चोवीस तास रक्तात राहू देत नाहीत. दिवसातले दहा ते चौदा तास, बहुधा रात्रीचे, मोकळे ठेवतात. तुम्हाला सकाळी आठ आणि दुपारी तीन अशी विचित्र वेळ दिली आहे ती त्यासाठीच. पुष्कळ लोक दुपारची विसरली की रात्री झोपताना घेतात आणि तो मोकळा वेळच खाऊन टाकतात. तुम्ही दुपारची सोडलीत, म्हणजे तुमची संध्याकाळ उघडी पडली. फिरायला जायची, देवळात जायची, पाहुणे येण्याची वेळ नेमकी तीच.

डोकेदुखीवर उपाय आहेत. कमी डोसपासून सुरू करून हळूहळू चढवता येतं, दिवसातून एकदाच घ्यायची सावकाश विरघळणारी गोळी मिळते, किंवा नायट्रेट काढून दुसरं काही देता येतं. सुरुवातीच्या दिवसांत बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल घ्यायला सांगतात. मात्र घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक असलेली दुखीची गोळी उचलून तोंडात टाकू नका. हृदयरोग्याला ती घातक ठरू शकते, आणि ब्रुफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवी येते. आपल्याकडे ही गोळी कुणीही कुणालाही देतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पायांची सूज अम्लोडिपिनची असण्याचा संभव मोठा आहे. हे औषध रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा त्या मानाने तशाच राहतात. धरणातून पाटात पाणी जास्त सोडलं आणि पुढचा निचरा होता तेवढाच राहिला, की पाट काठाने पाझरतो, तसं घोट्यापाशी होतं. दिवसभर उभं राहिलं की वाढतं, सकाळी उतरतं, आणि बायकांमध्ये जास्त दिसतं. जोडवी साबणाने काढावी लागतात हे तुम्ही लिहिलंत, ते असंच्या असं डॉक्टरांना सांगा. 'पाय थोडे सुजतात' यापेक्षा त्यातून त्यांना शंभरपट कळेल. ही सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी हटत नाही. डोस कमी करून किंवा औषध बदलून हटते. पण सुजेबरोबर दम लागत असेल, उशा वाढवून झोपावं लागत असेल, चार दिवसांत वजन भराभर वाढलं असेल, तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा त्याच दिवशी दाखवायचं.

थकवा, हातपाय गार पडणं आणि स्वप्नं, हे मेटोप्रोलोलकडे बोट दाखवतात. हे औषध मेंदूपर्यंत पोचतं. त्याच कुळातली काही औषधं तिथे कमी पोचतात, आणि गोळी बदलल्यावर झोप सुधारली असं सांगणारे कितीतरी जण मला भेटले आहेत. घरच्या बीपीच्या मशीनवर नाडीचा आकडाही येतो, तो लिहून ठेवत जा. पन्नासच्या खाली जात असेल आणि चक्कर येत असेल तर लगेच कळवा. दमा असलेल्यांनी आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हे कुळ सुरू होतानाच आपला आजार सांगायला हवा. साखर उतरली की छाती धडधडते, हात कापतात. ही गोळी त्या खुणा झाकून टाकते, फक्त घाम तेवढा येतो.

तुमच्या चिठ्ठीत नसलेली अँजायनाची औषधंही सांगते, कारण त्यांच्या त्रासाचं मूळ कुणाच्या लक्षातच येत नाही. निकोरँडिलने काहींच्या तोंडात खोल, दुखऱ्या जखमा होतात, कधी गुदद्वाराशीही. माणूस महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडाला लावायचं जेल नेत राहतो, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, तिखट सोडतो, पोह्यांवरची शेवसुद्धा सोडतो. जखम मात्र भरत नाही, कारण औषध चालू असेपर्यंत ती भरतच नाही. आयव्हाब्रॅडिनने अंधारातून उजेडात गेल्यावर डोळ्यांपुढे चमक किंवा झळाळती वलयं दिसतात. साधारण पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतात. रात्री स्कूटर चालवणाऱ्यांना हे माहीत हवं. रॅनोलाझिनने बद्धकोष्ठ होतं आणि गरगरतं. ट्रायमेटाझिडिनने काही वयस्कांचे हात थरथरू लागतात, चाल अडखळते. घरच्यांना वाटतं वय झालं, किंवा कंपवात सुरू झाला. युरोपच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये याच कारणासाठी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आपल्याकडे ते पुष्कळ लिहिलं जातं.

आणि पुरुष वाचकांना एक सांगायलाच हवं. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, म्हणजे कामशक्तीसाठी घेतात त्या गोळ्या, नायट्रेटबरोबर घेतल्या तर बीपी इतकं कोसळू शकतं की जीव जाईल. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही, सॉर्बिट्रेटसुद्धा नाही. तेव्हा रोज नायट्रेट घेणाऱ्याने या गोळ्यांना हातच लावायचा नाही. ही बाब लाजून लपवू नका. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं तर बायकोसमोरसुद्धा खरं सांगा.

आता 'मनाचे खेळ'. तुमच्या यजमानांना मी सरसकट चूक म्हणणार नाही, पण ते ज्या जागी बोट ठेवतात ती जागा चुकली आहे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दल लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने एक प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले साठ जण घेतले. वर्षभरात चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी, चार महिने काहीच नाही, आणि महिन्यांचा क्रम उलटसुलट. त्रास रोज नोंदवायचा. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास पोकळ गोळीवरही झाला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, ते खरंच दुखत होतं. पण त्याचं कारण गोळीतल्या औषधात बहुतांशी नव्हतं. हे समजावून सांगितल्यावर त्यातल्या निम्म्या जणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. तेव्हा तुमच्या पोटऱ्यांच्या दुखण्याबद्दल थोडा सबुरीने विचार करा, ती गोळी घाईने सोडू नका. मात्र स्नायू फार दुखून अंगातली शक्तीच गेली किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा. आणि पायांच्या सुजेला हा हिशोब लावू नका. घोट्यावर अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडतो, तो मनाने पडत नाही. यजमानांना एकदा संध्याकाळी तो खळगा दाखवा.

डॉक्टर रागावतील, ही तुमची भीती. रागावतीलही कदाचित, मिनिटभर. ओपीडीत दोन तास बसून तीन मिनिटं मिळतात हे मला माहीत आहे. डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं विसरतं, तेही माहीत आहे. म्हणून चिठ्ठी न्या. लांबलचक नको, अर्ध्या पानाची, आणि हिंदीत लिहिलीत तर डॉक्टरांच्या हातातच देता येईल. साधारण अशी: "सकाळी आठला मोनोनायट्रेट, नऊला डोकं ठणकतं, बारापर्यंत राहतं, रोज, एक वर्ष झालं. संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, सकाळी उतरतात, दम लागत नाही. थकवा आणि वाईट स्वप्नं. अमुक तारखेपासून दुपारची गोळी बंद आणि मेटोप्रोलोल अर्धी, माझी मीच केली. तेव्हापासून डोकं बरं. बीपी आणि नाडी मागे लिहिली आहे. गोळी बदलता येईल का, की वेळ बदलू?" शेवटचा प्रश्न जरूर लिहा. नुसता त्रास ऐकला तर डॉक्टर धीर देऊन मोकळे होतात, प्रश्न विचारला की त्यांना उत्तर द्यावं लागतं. दम लागतो की नाही हे मी तुमच्या वतीने लिहिलं आहे, ते तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला. आणि स्वतः केलेली काटछाट लपवू नका, कारण बीपीचा आकडा त्याशिवाय वाचताच येत नाही. औषधांच्या स्ट्रिपाही पिशवीत घालून न्या. अर्धी केलेली मेटोप्रोलोल सावकाश विरघळणारी असेल तर ती मोडायची की नाही हेही तिथेच विचारता येईल. अशा काही गोळ्यांना मोडायला रेघ असते, काही मुळीच मोडायच्या नसतात, आणि कुटून कुठलीच घ्यायची नसते.

चिरंजीवांचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण अँजिओप्लास्टी केली की गोळ्या सुटतात हे खरं नाही. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर रक्त पातळ ठेवायची एक गोळी आणखी वाढते, स्टॅटिन चालूच राहतं. स्थिर अँजायना असलेल्या पाच हजारांहून अधिक पेशंटांवर झालेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, असं दिसलं की आधी औषधं देऊन बघणाऱ्यांपेक्षा आधीच स्टेंट किंवा बायपास करणाऱ्यांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. ज्यांना वरचेवर दुखायचं त्यांचं दुखणं मात्र जास्त कमी झालं. मुख्य डाव्या धमनीत मोठं ब्लॉकेज असलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, त्यांची गोष्ट निराळी. म्हणजे औषधं नीट बदलूनही सोसत नसतील, किंवा ती घेऊनही जिना चढवत नसेल, तर अँजिओप्लास्टीचा विचार अगदी योग्य आहे. पण गोळ्यांचा कंटाळा हे त्याचं कारण असू नये. मुलाला पुढच्या भेटीच्या वेळी फोनवर घ्या, तो हाच प्रश्न डॉक्टरांना थेट विचारू दे.

अर्जुनसाल आयुर्वेदात हृदयासाठी वापरतात हे खरं. ती घ्यायची इच्छा असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू औषधांबरोबर चालेल का हे विचारून. त्यांच्या जागी नको. काकूंना दुखावण्याची गरज नाही, डॉक्टरांना विचारून सांगते म्हणा.

सॉर्बिट्रेटबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, आणि मला शंका आहे की डोकं दुखेल या भीतीने ती वर्षभरात उघडलीच गेली नसेल. स्ट्रिपवरची तारीख बघा. ती कपाटात नको, पर्समध्ये हवी, आणि कुठे आहे हे यजमानांना ठाऊक हवं. छातीत आलं की जे करत असाल ते थांबवून बसायचं, उभ्याने घ्यायची नाही, भोवळ येऊन पडायला होतं. गोळी जिभेखाली, पाण्याबरोबर गिळायची नाही. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन करायचा, आणि मदत येईपर्यंत डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे दुसरी घ्यायची. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जायचं नाही. बसल्या जागी, काही न करता छातीत आलं, किंवा पूर्वीपेक्षा थोड्याच श्रमाने यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

देवासची मुंज महिनाभर लांब आहे, हे चांगलं झालं. नवी गोळी किंवा नवी वेळ लागू पडली की नाही हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून या आठवड्यातच दाखवा. आदल्या दिवशी बदल करून तिथे जाऊ नका. मुंजीच्या घरी जेवणाच्या वेळा चुकतात, गोळीची वेळ चुकवू नका. मोबाइलवर गजर लावा. मांडवात खुर्ची धरून बसा, पाय खाली लोंबकळत ठेवण्यापेक्षा पुढच्या खुर्चीवर टेकवता आले तर टेकवा, कुणी काही म्हणणार नाही. जोडवी चार दिवस काढून ठेवलीत तरी चालेल.

औषधाने झालेला त्रास कळवायला सरकारी व्यवस्थाही आहे, हे फार कमी पेशंटांना माहीत असतं. भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंट स्वतःही नोंद करू शकतो. ती डॉक्टरविरुद्धची तक्रार नसते, औषधाबद्दलची माहिती असते. तुमचे त्रास जुने आणि ठाऊक असलेले आहेत, तरी निकोरँडिलच्या जखमा किंवा ट्रायमेटाझिडिनची थरथर कुणाला होत असेल तर त्यांनी जरूर कळवावं.

आणि चिठ्ठी दिल्यावरही "सवय होईल" हेच उत्तर आलं तर? तर आधी एक करा. तुमचे घरचे जुने फॅमिली डॉक्टर असतील, त्यांच्याकडे तीच चिठ्ठी घेऊन जा. हृदयाच्या डॉक्टरांशी ते स्वतः फोनवर बोलले तर पुष्कळदा काम तिथेच होतं. तेही जमलं नाही, तर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेण्यात कसलाही कमीपणा नाही. जाताना अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, स्ट्रेस टेस्टचा कागद, सगळे जुने पर्चे आणि तुमची बीपीची वही एका फायलीत लावून न्या, आणि तोपर्यंत चालू गोळ्यांतली एकही आपल्या मनाने सोडू नका.